लंगडी रेघ

"आज लय दांडगा येऊन रायला तुहा सिग्नल. नवी तार बांधली का बे?" रामदासनं विचारलं.

"कालच बांधली गच्चीवर," मी कळवलं.

हे धडधडीत खोटं होतं. मी कराडच्या माझ्या घरात नव्हतोच. बार्शीच्या अलीकडे एका पेट्रोल पंपामागे, लिंबाखाली, माझी गाडी उभी होती आणि गाडीतल्या पलंगावर, नुसत्या बनियनवर, मांडी घालून मी मोर्सचा खटका बडवत बसलो होतो. रामदास तिकडे चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाहीच्या पुढे पळसगावला. त्याच्याकडेच मी निघालो होतो आणि ते त्याला कळू द्यायचं नव्हतं. कारण मी कधीही "येतो" म्हटलं की त्याचं एकच उत्तर यायचं, "येऊ नोको."

आमच्या या वेडाची ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आम्ही हॅम रेडिओवाले. सरकारची परीक्षा देऊन परवाना काढायचा, घरात एक छोटं वायरलेस यंत्र ठेवायचं, गच्चीवर तार ताणायची आणि जगभरातल्या आपल्यासारख्याच रिकामटेकड्यांशी गप्पा मारत बसायचं, एवढीच ती हौस. तोंडानंही बोलता येतं. पण आमच्यातले जुने लोक अजून खटका वापरतात. टिंब आणि रेघ, पूर्वीच्या तार ऑफिसासारखं. अक्षरं इंग्रजी, बोलणं मराठी, तेही निम्मं खाल्लेलं. आणि जसा प्रत्येकाचा गळा वेगळा, तसा खटक्यावरचा हातही वेगळा. रामदास वैरागडेचा हात मी झोपेतही ओळखला असता. तो वनखात्यात वायरलेस ऑपरेटर होता. जंगलात सायकलवरून पडून त्याचं उजव्या हाताचं मधलं बोट कायमचं ताठलं होतं. त्यामुळे लागोपाठ दोन रेघा आल्या की त्याची दुसरी रेघ लंगडायची. त्यावरून आम्ही त्याला खूप छळलंय.

आम्ही म्हणजे तिघं. रामदास, बार्शीचा इक्बाल मुजावर आणि मी, दिनकर शिंगटे, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त. किल्लारीच्या भूकंपात सगळ्या लाइनी बंद पडल्या तेव्हा राज्यातले हॅमवाले आपापली यंत्रं घेऊन तिकडे धावले होते. एका तंबूत आम्ही तिघं एकाच बॅटरीवर काम करत होतो. जे निरोप आम्ही पाठवले ते मी आजही कुणाला सांगत नाही. तिथे जी मैत्री झाली ती पुढे हवेतूनच चालू राहिली. प्रत्यक्ष भेटी बोटांवर मोजण्याइतक्या.

गाडी ही मुळात मंदाची कल्पना. मी निवृत्त झाल्यावर दोघांनी घर बरोबर घेऊनच हिंडायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, कराडच्याच एका बॉडीवाल्याकडून सीटा काढून पलंग, ओटा, पाण्याची टाकी असं सगळं करून घेतलं. पडद्यांचं कापड मंदानं स्वतः आणलं. ते शिवून व्हायच्या आत ती गेली. आजार असा काही नव्हताच. सकाळी दूध तापवता तापवता खाली बसली, ती बसलीच.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले याचं वर्णन करत नाही. मुलगा पुण्याला नेत होता, गेलो नाही. सकाळी उठायचं कशासाठी, हेच मला कळेनासं झालं. एक दिवस मी रामदासला कळवलं, "उद्यापासून सेट बंद करतोय." बाकी काही सांगितलं नाही, पण तो समजायचं ते समजला. त्यानं खोदून विचारलं नाही की उपदेश केला नाही. "बंद करशील तं कर. मी बोलावत राहीन," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी सेट लावला नाही. अंथरुणात पडून राहिलो. पण डोक्यात सारखं येत होतं, तो गाढव तिकडे एकटाच बोलावत बसला असेल. शेवटी उठलो आणि सेट लावला. बोलावतच होता. तेव्हापासून रोज सकाळचा चहा आम्ही आपापल्या घरी, पण बरोबर घेत आलो.

मग त्यालाच घशाचा कॅन्सर झाला. नागपूरला स्वरयंत्र काढलं. बोलणं संपलं, खटका तेवढा उरला. मध्ये काही दिवस तो हवेवर आला नाही. पण पुन्हा आला. हात जरा हळू झाला होता, पण हात तोच. मी म्हटलं, भेटायला येतो. तर म्हणे, "येऊ नोको. मले असा पाहू नोको." फोन करून उपयोग नव्हता. उचलायची ती त्याची बायको, आणि "आराम करून रायले" म्हणून ठेवून द्यायची.

असं बरेच महिने चाललं. शेवटी मी ठरवलं, याचं ऐकायचं नाही. एकदा मंदाच्या बाबतीत मी गाफील राहिलो होतो. रामदास असा न भेटता निघून गेला तर मला ते सोसलं नसतं. शिवलेले पडदे लावले, छपरावर एरियल बसवला, शेजारची सीट रिकामीच ठेवली आणि निघालो.

बार्शीत इक्बालनं गाडीला प्रदक्षिणा घातली.

"काय बे दिनकर, खोली घेऊन पळून आलास का? भाडेकरू कुठंय?"

"तू चल की भाडेकरू म्हणून. रामदासकडं निघालोय."

त्याचा चेहरा गंभीर झाला. गुडघ्यांनी त्याला जायबंदी केलं होतं, पायरी उतरायची तर नातवाचा खांदा लागायचा. त्यानं मला दुकानात बसवलं. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा, आता मिक्सर आणि पंखे.

"येऊ नको म्हणतो ना तो?"

"म्हणू दे."

"मी ऐकतो कधीमधी तुमचं दोघांचं, सकाळी झोप मोडली तर. मध्ये पडत नाही. हात त्याचाच आहे, बिलकुल. पण बोलतो काय काय बे! परवा तुला दोडक्याच्या शिरा काढायला शिकवत होता." इक्बाल खोकेपर्यंत हसला. "ज्या माणसानं किल्लारीत चहात मीठ घातलं होतं!"

"आजारानं मऊ झालाय," मी म्हणालो. ते खरंच होतं. पूर्वी रामदास यंत्र, हवामान आणि शिव्या यापलीकडे जात नसे. अलीकडे रोज विचारायचा, जेवला का, भाजी कोणती केली. डाळ पातळ होते म्हटल्यावर त्यानं मला ती घोटायची कशी, हे दोन सकाळी खर्चून सांगितलं होतं. आणि मीही त्याला असं काहीबाही सांगत गेलो होतो, जे समोरासमोर कुठल्याच पुरुषाला सांगितलं नसतं. मंदाची साडी मी उशाशी घेऊन झोपतो, हेसुद्धा.

"जा, भेटून ये," इक्बाल म्हणाला. "माझा सलाम सांग. आणि हे बघ, माझ्या वेळी तीन हाका नीट मार. भिडे मास्तरांच्या वेळी तू फार घाई केलीस."

ही आमच्यातली रीत आहे. आमच्यातला कुणी गेला की त्याच्या नेहमीच्या वेळी, हवेतल्या त्याच्या नेहमीच्या जागेवर, कुणीतरी त्याला त्याच्या परवान्यावरच्या सांकेतिक नावानं तीनदा बोलावतं. उत्तर येत नाही. मग सगळे काही वेळ गप्प बसतात, आणि तो गेला असं ठरतं. भिडे मास्तर गेले तेव्हा हे काम माझ्याकडे होतं. घाई केली होती खरी.

मजल दरमजल करत मी पुढे सरकत राहिलो. जमेल तेवढं चालवायचं, अंधार पडायच्या आत पंपाजवळ नाहीतर देवळाजवळ गाडी लावायची, खिचडी टाकायची. लोक गाडीत डोकावून बघायचे. एका गावात तर मला दातांचा फिरता डॉक्टर समजून दोन म्हाताऱ्या आत येऊन बसल्या. आणि रोज सकाळी रामदास म्हणायचा, "आज अजून मोठा आला रे तू." मी कधी हवामानावर ढकलायचो, कधी नव्या तारेवर. वणीच्या अलीकडे होतो त्या सकाळी तर त्यानं काहीच विचारलं नाही. बराच वेळ खटका गप्प राहिला. मग आलं, "चहा घेतला का?"

"घेतला. तू?"

"घेतला. सांभाळून राय."

त्याच दिवशी दुपार कलताना मी पळसगावात पोचलो. धान कापून झालं होतं, खाचरं मोकळी पडली होती, तलावाच्या पाळीवर म्हशी बसल्या होत्या. घर शोधावं लागलं नाही. कौलारू छपरावर उंच बांबू आणि बांबूपासून आंब्यापर्यंत ताणलेली एरियलची तार लांबूनच दिसली. तार चांगली ताठ होती, दोरी नवी होती. आजारी माणसानं एवढं ठेवलंय म्हणून मला अभिमान वाटला.

"रामदास!" मी गाडीतूनच ओरडलो. "बाहेर ये लेका, वऱ्हाड आलंय!"

दारात त्याची बायको आली. सिंधूताईंना मी त्यांच्या मुलीच्या लग्नात एकदा पाहिलं होतं, धावपळीत, डोक्यावर पदर घेतलेल्या. आता त्या उंबऱ्यात शांत उभ्या होत्या. आश्चर्य वाटल्याचं काही दिसेना. मी उतरलो, पुढे गेलो, आणि त्यांचं कपाळ दिसलं. मोकळं.

माझे पाय तिथेच थांबले.

"कधी?" मी विचारलं.

"आत या जी भाऊजी. पाणी घ्या पयले."

"अहो कधी? सकाळी तर बोललाय माझ्याशी! चहा घेतला म्हणाला."

मला खरोखर वाटलं, थोडक्यात चुकलो. सकाळ ते दुपार एवढ्यात गेला आणि मी वणीला डिझेल भरत बसलो होतो. मी अंगणात बघितलं. माणसं कुठे आहेत? नेलं का? अंगण सारवलेलं होतं. दोन कोंबड्या टिपत होत्या. शेजारचा माणूस कुंपणापलीकडे गवताचे भारे बांधत होता, त्यानं मला रामराम केला. मयताच्या घरी असं नसतं.

सिंधूताई आत गेल्या. मी मागोमाग गेलो. पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल होतं, त्यावर रामदासचा सेट आणि पितळी खटका. भिंतीवर त्याचा फोटो होता आणि फोटोला हार होता. हार चंदनाचा होता आणि त्यावर धूळ बसायला लागली होती.

त्या खुर्चीवर बसल्या. सेट बंदच होता, पण खटक्याचा टकटक आवाज येतोच. त्यांनी पदर सारखा केला, खटक्यावर बोटं ठेवली आणि हळूहळू अक्षरं वाजवली. "भाजी कोणती केली?"

दोन रेघा आल्या की दुसरी लंगडत होती.

मी खाली बसलो. खुर्ची होती की जमीन, आठवत नाही.

"गेल्या नाई, त्याच्या आंधीच्या पोळ्याले गेले," त्या म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. "आपरेशन झाल्यावर हात कापे त्याईचा. खटका धरता येत नोहता. मंग माहा हात खाली ठेवत, आन् वरतून त्याईचा. तसंच बोलत तुमच्याशी. मले आंधीपासून समजेच. इतके वर्स सैपाक करता करता भिंतीआडून आयकलं, समजन नाई का? आखरी आखरी त्याईच्या हातात जोर नोहता. नुसता ठेवलेला राहे. बोलत मीच होती. मंग एक दिवस वरतचा हात नाई राह्यला."

"आणि तुम्ही तशाच बोलत राहिलात."

"त्याईनं सांगतलं होतं. पाटीवर लिहून दाखवलं. दिनकरले सकायी एकटा सोडू नोको, उठाचा नाई तो."

यावर मी रडायला हवं होतं. मी चिडलो. वर्षाहून जास्त काळ मी एका मेलेल्या माणसाशी बोलत होतो. त्याच्यासाठी सुतक पाळलं नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. उलट त्याला हवामान सांगितलं. आणि ज्या गोष्टी मी मित्राला म्हणून सांगितल्या त्या एका परक्या बाईनं ऐकल्या होत्या.

"मंदाच्या साडीचंसुद्धा ऐकलंत तुम्ही," मी म्हणालो. "मी कुणाला सांगतोय हे मला माहीत नको?"

"हो जी. पाहिजे होतं."

"मग तेव्हा थांबवायचं होतं मला!"

"कसं थांबवू? थांबा म्हटलं असतं तं कोण बोलून रायलं थे सांगा लागलं असतं न." त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "आन् त्या दिवशी सांगतलं असतं तं तुमी काय केलं असतं, भाऊजी?"

याचं उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं. म्हणून मी भलतंच काहीतरी बोललो. "गेलेल्या माणसाच्या परवान्यावर बोलणं बेकायदा आहे. कळतं का तुम्हाला?"

"मालूम हाय," त्या म्हणाल्या. "चहा ठेवू का?"

मी बाहेर आलो, गाडीत बसलो आणि इंजिन सुरू केलं. सरळ कराड गाठायचं, असं मनात होतं. गिअर टाकला. मग आरशात ती तार दिसली, आंब्याला बांधलेली, नव्या दोरीची. एका बाईनं शिडी लावून ती बांधली असणार, मी ऐकू यावा म्हणून. मी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रामदाससाठी रडलो. जेव्हा रडायला हवं होतं तेव्हाचं सगळं त्यात आलं.

उन्हं उतरली तशी सिंधूताई चहा घेऊन गाडीपाशी आल्या. आत आल्या नाहीत. दारातल्या पायरीवर कप ठेवून अंगणातल्या खाटेवर बसल्या.

"मले मालूम होतं तुमी येऊन रायले म्हून," त्या म्हणाल्या. "रोज सिग्नल मोठा होत चालला होता. तार बांधली म्हणे! तारेनं इतकं होते का?"

"मग परत का नाही पाठवलंत? येऊ नको म्हणायचं आणखी एकदा."

"थकली जी मी." त्यांनी पदरानं हात पुसले. "सुरवातीले त्याईचं वचन म्हून करत होती. मंग मलेच सवय लागली. सकाय झाली की कोणी विचारे, उठला का, चहा घेतला का. आता पोरगी हैदराबादले. इथं मले कोण विचारते? पण विचारत थे त्याईले होते, मले नाई. आन् मी काय करून रायली, थे मले समजत होतं. माणूस गेला, आन् मी त्याले जाऊ देऊन नाई रायली."

मी चहा संपवून कप पायरीवर ठेवला.

"भिडे मास्तराले तीन डाव बोलावलं होतं तुमी. तवा मी इथं चहा घेऊन उभी होती. हे रडत होते. मले म्हणाले, सिंधू, माह्या वेळी हे झालं पायजे." त्यांचा आवाज पहिल्यांदा फाटला. "थे राह्यलं न, भाऊजी. मीच उत्तर देत होती तं कोण कसं बोलावन त्याईले?"

आता माझ्या सगळं लक्षात आलं. त्या हाका मारायच्या म्हणजे सकाळचा चहा संपवायचा. माझाही आणि त्यांचाही. मी बोलावणार, त्या उत्तर देणार नाहीत, आणि त्यानंतर त्या वेळेला कुणीच नसणार. मला त्याची भीती वाटली. रामदासला अजून थोडं राहू दे, असंही मनात येऊन गेलं. आपण गप्प बसावं, कराडला जावं, सकाळी नेहमीसारखं बोलावं. बाईलाही ते चाललं असतं. एवढा मी लाचार झालो होतो.

"उद्या सकाळी," मी म्हणालो. "मी गाडीतून बोलावतो. तुम्ही आत सेट लावून बसा. पण हात लावायचा नाही."

"नाई लावत."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर बंद," सिंधूताई म्हणाल्या आणि माझा रिकामा कप उचलून घेऊन गेल्या.

सकाळी धुकं होतं. तलावाकडून येऊन ते अंगणात बसलं होतं. गाडीच्या खिडकीतून समोरच्या खोलीची खिडकी दिसत होती आणि खिडकीत सिंधूताई दिसत होत्या, टेबलाशी बसलेल्या, आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. मी पडदा बाजूला बांधला, सेट लावला आणि खटक्यावर हात ठेवला.

मी रामदासला त्याच्या परवान्याच्या नावानं बोलावलं. थांबलो. घाई केली नाही.

कानात नुसती खरखर. रोज या ठिकाणी त्याचं उत्तर यायचं.

दुसऱ्यांदा बोलावलं. किल्लारीच्या तंबूतला त्याचा चेहरा आला डोळ्यांसमोर, दाढी वाढलेला, खारट चहा पिऊन "मस्त झाला" म्हणणारा. थांबलो. खिडकीत सिंधूताईंचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला. डाव्या हातानं त्यांनी तो धरला आणि खाली दाबून ठेवला.

तिसऱ्यांदा बोलावलं. शेवटचं अक्षर संपलं आणि मी खटक्यावरून हात काढला.

कुणीही आलं नाही. खरखर तेवढी चालू राहिली. रामदास वैरागडे गेला. मी ते तोंडानं, मोठ्यानं म्हणालो, गाडीत एकटाच. समोर सिंधूताईंनी डोळ्यांना पदर लावला होता. खांदे हलत होते. दोन भिंती आणि एक अंगण मध्ये ठेवून आम्ही दोघं आपापल्या जागी बसून राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. धुकं विरळ झालं, कोंबड्या बाहेर आल्या.

मग मी सेट बंद करायला हात पुढे केला.

तेवढ्यात कानात कर्कश्श आवाज घुसला. इतक्या जवळून आला की मला आवाज कमी करावा लागला. अगदी सावकाश, चाचरत, शिकाऊ माणसासारखा. आमच्यात रिवाज असा की दोन माणसं हवेवर पहिल्यांदा भेटली की आधी नाव सांगायचं, मग गाव.

"नाव सिंधू," आलं. तिच्या नावात टिंबंच फार आहेत, ती एकेक करून पडली. मग जरा वेळ काही नाही. खिडकीत ती खटक्यावर वाकलेली होती. "गाव पळसगाव."

गावाच्या पहिल्याच अक्षरात लागोपाठ दोन रेघा येतात. मी कान देऊन ऐकलं. दुसरी रेघ सरळ पडली.

तिला तेव्हा परवाना नव्हता. तो पुढे नागपूरला परीक्षा देऊन तिनं घेतला, आणि आज इतक्या वर्षांनी तिचा हात कुणालाही ओळखू येईल इतका तिचा आहे. पण त्या सकाळचं ते बोलणं बेकायदाच होतं, आणि परवानाधारक म्हणून मी उत्तर द्यायला नको होतं.

मी खटक्यावर हात ठेवला.

"नाव दिनकर," मी कळवलं. "मुक्काम तुमच्या अंगणात. चहा घेतला का?"